तिच्या हातातलं यंत्र

मी रस्त्याच्या कामांवर माती तपासते. असं सांगितलं की लोकांना शेतीचं काहीतरी वाटतं. तसं नाही. रस्ता करताना खाली मुरमाचा भराव टाकतात, त्यावर पाणी मारतात, रोलर फिरवतात. तो भराव पुरेसा घट्ट बसलाय की नाही हे कुणीतरी मोजून सांगावं लागतं, नाहीतर दोन पावसाळ्यांत रस्ता खचतो. ते मोजणारी मी. डिप्लोमा झाल्यापासून हेच करते आहे, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या पट्ट्यात. घर भांडुपला, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. माझी आई आमच्याच मजल्यावर राहते आणि मी कामावर असताना माझी मुलगी तिच्याकडे असते.

आमची मोजायची जुनी पद्धत अशी. भरावात पंज्याएवढं गोल भोक पाडायचं. निघालेली माती कणन् कण गोळा करून तिचं वजन करायचं. मग त्या भोकात कोरडी, मोजलेली वाळू सोडायची. वाळू किती मावली त्यावरून भोक केवढं ते कळतं, आणि त्यावरून माती किती घट्ट आहे ते निघतं. एका जागेला अर्धा तास लागतो, उन्हात उकिडवं बसून. गुडघ्यांची वाट लागते. पण माझा हात त्यावर बसला होता. मुरूम नुसता बुटाने दाबून मी आकडा सांगायचे आणि तो फारसा चुकायचा नाही. रोलरवाले मला विचारल्याशिवाय पुढचा थर टाकत नसत. "मॅडम, पास?" एवढंच विचारायचे. मी मान हलवली की गाड्या हलायच्या.

ती आमच्या लॅबमध्ये आली तेव्हा मला त्या कामात आठ वर्षं झाली होती. घाटकोपरची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आजोबा अकोल्याकडून आलेले, वडील बसवर कंडक्टर. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुम्हाला ताई म्हणू का?" आठवडाभरात तुम्हीचं तू झालं. वाळूचं काम मीच तिला शिकवलं. भोकाच्या कडा ढासळू द्यायच्या नाहीत, वाळू सोडताना शेजारून रोलर जात असेल तर थांबायचं, कारण हादऱ्याने वाळू जास्त बसते आणि आकडा खोटा येतो. ती एकदा सांगितलेलं विसरायची नाही. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. तिला माझ्या डब्यातली सुकट आवडायची, मला तिच्या आईच्या हातचा ठेचा. गणपतीला ती आमच्याकडे आली तेव्हा आईने तिला जवळ बसवून घावन वाढलं आणि नंतर मला आमच्या मालवणीत म्हणाली, "चेडू बरा हा." पोरगी चांगली आहे.

दोन वर्षं असंच चाललं. मग नाहूरच्या पुढचं मोठं काम आलं आणि त्याबरोबर ते यंत्र आलं.

पिवळ्या रंगाचं, भांड्यांसकट मिक्सर येतो त्या खोक्याएवढं, वर एक उभी दांडी. भरावात लहानसं भोक पाडायचं, दांडी त्यात खाली सरकवायची, बटण दाबून चार पावलं मागं व्हायचं आणि एक मिनिट थांबायचं. पडद्यावर आकडा येतो. दांडीच्या टोकाला किरणोत्सारी पदार्थाची बारीक गोळी असते. तिचे किरण मातीतून किती आरपार येतात त्यावरून घट्टपणा कळतो. दांडी वर ओढून घेतली की गोळी जाड कवचाच्या आत जाते, मग काही धोका नाही. तरी त्याचे नियम कडक. नेण्याची पेटी वेगळी, पेटीवर धोक्याची खूण, गाडीत साखळीला दोन कुलपं, ठेवायची खोली वेगळी, प्रत्येक वेळी वहीत सही. आणि ते हाताळायला सरकारमान्य प्रशिक्षण घेतलेलाच माणूस लागतो.

आमच्याकडून एकालाच पाठवायचं होतं. मला वाटलं, मीच जाणार. यात वाटण्यासारखं काही नव्हतंच. क्वालिटीच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, आणि जरा अवघडून विचारलं की घरी दुसऱ्या मुलाचा वगैरे काही विचार आहे का. किरणांचं काम, म्हणून विचारतोय, म्हणाले. आमचा तसा विचार होता. नवऱ्याशी बोलणं चालू होतं. पण तो प्रश्न टेबलापलीकडून, फाइल चाळत असलेल्या माणसाकडून आला आणि मला काही बोलताच आलं नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, घाई नाही. दोन दिवसांनी कळलं की ती जाणार. तिचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तिला कुणी काही विचारलंच नाही.

तिने मला येऊन सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो ती दाबायचा प्रयत्न करत होती. ते मला जास्त लागलं. "ताई, खरं तर तूच जायला पाहिजे होतंस ना," म्हणाली. मी म्हटलं, छे गं, तू जा, मला कुठं परीक्षा द्यायला जमतंय. आणि डबा उघडून जेवायला बसले.

ती परत आली ती छातीवर बिल्ला लावून. अंगाला किती किरण लागले ते त्यात नोंदलं जातं आणि तो ठरावीक दिवसांनी तपासायला पाठवतात. दिसायला साधा प्लास्टिकचा तुकडा. पण मी तो रोज बघायचे. ती माझ्याशी बोलत असली तरी माझं लक्ष तिच्या तोंडाकडे नसायचं, त्या बिल्ल्याकडे असायचं. ती मिनिटात आकडा देऊ लागली. मी अर्ध्या तासात एक जागा करायचे तेवढ्यात ती सगळी पट्टी संपवायची. रोलरवाले आता तिला विचारायला लागले, "मॅडम, पास?" मला वाळूची कामं दिली जायची ती पडताळणीपुरती, कोपऱ्याकापऱ्यातली.

मी काय केलं ते सांगते. ती जिथे यंत्र लावून जायची त्याच्या शेजारी, कुणी सांगितलेलं नसताना, मी माझं भोक पाडायचे आणि वाळूने मोजायचे. यंत्र चुकतंय हे मला दाखवायचं होतं. जवळजवळ महिनाभर मी हे केलं, जेवणाची सुट्टी खर्च करून. तिचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत होते. एकदाच मोठा फरक आला आणि मला इतका आनंद झाला की मी ते पुन्हा केलं. चूक माझी निघाली, वजनकाट्याच्या पारड्याला माती चिकटली होती.

आईच्या लक्षात आलं होतं. मी घरी तिच्याबद्दल बोलणं बंद केलं होतं. आईने विचारलं, तुझी ती मैत्रीण हल्ली येत नाही ती? मी म्हटलं, ती मोठी झाली आता. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसऱ्याचा बरा झालेला तुका बघवणा नाय, होय गो?" मी रागावून उठून गेले. राग आला कारण तिने ते इतक्या सहज ओळखलं होतं.

चोरी झाली तो दिवस मार्गशीर्षातला, गुरुवारचा. ती उपवासवाली नव्हती, मी होते, म्हणून वार लक्षात राहिला. सकाळपासून तिची रिडिंगं चालू होती. दुपारी एकच्या सुमाराला सल्लागार कंपनीचे मोठे इंजिनियर ऑफिसात आले आणि त्यांनी तिला आकडे घेऊन बोलावलं. फोनवर फोन येत होते. तिने घाईघाईने दांडी वर ओढून तिचं कुलूप लावलं, यंत्र पेटीत ठेवलं, पेटी पिकअपच्या मागच्या बाजूला चढवायला ड्रायव्हरने मदत केली. साखळी अडकवून ती कागद घेऊन पळाली. ड्रायव्हर जेवायला गेला.

मी तिथून माझं सामान घेऊन लॅबकडे चालले होते. पिकअपजवळून जाताना मला दिसलं की साखळीचं एक कुलूप नुसतं अडकलंय. त्याचा दांडा खाली दाबलेला नव्हता. दुसरं कुलूप लावलेलंच नव्हतं, ते पेटीवर पडलेलं होतं. मी थांबले. हात लांब केला असता तर कुलूप दाबलं गेलं असतं. एवढंच करायचं होतं.

मी विचार केला की सेफ्टीचे साहेब दीडच्या फेरीला इकडून जातील. त्यांना दिसेल. ते तिला सगळ्यांसमोर बोलतील. मोठ्या इंजिनियरच्या समोर बोलले तर आणखी बरं. हे मी स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं, गोंधळात नव्हे. आणि मी पुढे गेले. लॅबमध्ये बसून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. तिच्यासाठी मी रोज थोडं बाजूला ठेवायचे, त्या दिवशी सगळी संपवली.

सेफ्टीचे साहेब त्या दिवशी फेरीला गेलेच नाहीत. तीनच्या आधी ती परत आली तेव्हा पेटी नव्हती.

तिची पळापळ मी लॅबच्या खिडकीतून पाहिली. आधी तिला वाटलं ड्रायव्हरने पेटी खोलीत नेऊन ठेवली असेल. मग ती खोलीत जाऊन आली. मग पिकअपच्या खाली वाकून बघितलं, जणू चाळीस किलोची पेटी खाली घरंगळली असेल. मग ती जमिनीवर बसली. मी धावत गेले, तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ते सगळं मी केलं. तिचा हात थंडगार होता.

संध्याकाळपर्यंत पोलीस आले, कंपनीचे वरचे लोक आले. दुसऱ्या दिवशी किरणोत्साराची कामं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाची माणसं मोजायची यंत्रं घेऊन आली. सगळ्यांची चौकशी झाली. तिला विचारलं की कुलपं लावली होतीस का. ती म्हणाली, लावली असं वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही, मी घाईत होते. हे तिने पहिल्याच वेळी सांगितलं, वकिली न करता. मला इन्स्पेक्टरांनी विचारलं की तुम्ही पेटी शेवटची कधी पाहिलीत. मी म्हटलं, जेवायला जाताना, गाडीतच होती. कुलूप होतं का? मी म्हटलं, लक्ष दिलं नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि मी सही केली.

तिच्याकडून बिल्ला काढून घेतला. त्या वेळी मी तिथेच होते. मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण त्याच्या फार लांबचंही ते नव्हतं.

सरकारी माणसांनी आम्हाला सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. चोराला बहुतेक ते जमीन मोजणीचं महागडं यंत्र वाटलं असणार, तशी यंत्रं साइटवरून चोरीला जातात. ते विकलं गेलं नाही की तो भंगारात देणार. तोवर धोका कमी आहे. पण भंगारवाल्याने शिशासाठी, पितळेसाठी घण घालून ते फोडलं आणि आतली गोळी बाहेर आली, ती कुणी उचलली, खिशात घातली, मुलांनी खेळायला घेतली, तर पुढचं सांगवत नाही. ते गृहस्थ शांतपणे बोलत होते. मी ऐकत होते आणि मला आमच्या इमारतीच्या मागचं भंगाराचं दुकान दिसत होतं. त्याच्या दारात वजनकाट्याच्या लोखंडी पाटीवर उभं राहून माझी मुलगी नि तिच्या मैत्रिणी आपापलं वजन करतात. त्या दुकानदाराला त्याची सवय आहे, तो हसून वजन सांगतो.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी मुलीला तिकडे जायला बंदी केली. का, ते सांगितलं नाही. आईला वाटलं मी उगाच चिडले आहे.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. पोलीस दुकानांतून फिरू लागले आणि त्यांच्याबरोबर ती. यंत्राचा प्रत्येक भाग ओळखणारी तीच होती. सुटा स्क्रू पाहिला तरी ती सांगू शकली असती. कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांतून ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पायी फिरली. साइटवर तिचंच नाव सगळ्यांच्या तोंडी. बिचारी किती फिरतेय, जेवतही नाही, म्हणायचे. रोलरवाल्यांनी तिच्यासाठी घाटकोपरच्या दर्ग्यात चादर चढवली, कुणी सिद्धिविनायकाला नवस बोलले. मी लॅबमध्ये बसून वाळू चाळत होते. आणि मला तिचा हेवा वाटत होता. तिच्या संकटाचासुद्धा. इतकी माणसं माझ्यासाठी कधी हळहळली नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा लाज वाटत नव्हती, तेव्हा फक्त हेवा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. पश्चात्ताप झाला म्हणून गेले असं म्हणायला मला आवडेल. पण मी गेले ती माझ्या मुलीला काही होईल या भीतीने.

तिने एक पत्रक तयार केलं होतं. त्यात यंत्राचं पूर्ण नाव, मूलद्रव्यांची नावं, कायद्याचं कलम, सगळं होतं. मी म्हटलं, हे कोण वाचणार? आम्ही भांडुप स्टेशनबाहेर एका हॉटेलात बसलो आणि मी तिच्या वहीच्या कागदावर नवीन लिहिलं. पिवळं यंत्र, पेटीवर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण. विकत घेऊ नका, फोडू नका, हात लावू नका, माणसं लांब करा, फोन करा. तुम्हाला कुणी पकडणार नाही, यंत्र मिळालं की बस. तेच हिंदीत. शेवटची ओळ पोलिसांना फारशी आवडली नाही, पण त्यांनी राहू दिली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, फोन नंबर कुणाचा टाकू? पोलीस चौकीचा होताच, पण चौकीला फोन करायला भंगारवाले घाबरतील म्हणून आणखी एक हवा होता. मी बोलायच्या आधी तिने स्वतःचा सांगितला.

दोन दिवस आम्ही ती पत्रकं वाटत फिरलो, भांडुप, नाहूर, मुलुंडचा आतला भाग. या गल्ल्या माझ्या होत्या. कुठल्या बोळात कुणाचा गाळा आहे, कुठला दुकानदार वाचतो आणि कुठल्याला वाचून दाखवावं लागतं, हे मला माहीत होतं. ती माझ्या मागून चालायची, पाय ओढत. एका ठिकाणी पाणी प्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "ताई, कुणी मेलं तर ते माझ्यामुळे मेलं असं होईल ना?" मी म्हटलं, असं काही होणार नाही. त्या वेळी सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते. समोरून पोलिसांची गाडी आली आणि आम्ही उठलो.

फोन आला तो शोधाच्या सहाव्या दिवशी, सकाळी अकराला. पाइपलाइनच्या जवळचं एक दुकान, मी स्वतः तिथे पत्रक देऊन आले होते. दुकान नवरा-बायकोचं. नवरा माल आणायला गेलेला असताना एक माणूस रिक्षातून गोणपाटात गुंडाळलेली पेटी घेऊन आला. बाईने गोणपाट बाजूला केलं, खूण दिसली. तिने त्याला सांगितलं, इथेच ठेव, मालक येतोय. मग शेजारपाजारच्या सगळ्यांना तिने बाहेर काढलं, पोरांना ओरडून पळवलं, आणि पत्रकावरच्या नंबरावर फोन लावला. गर्दी हलताना पाहून तो माणूस पळायला लागला, तो पुढच्या नाक्यावर सापडला. पेटीची बिजागरी घण मारून वाकवलेली होती. झाकण उघडलेलं नव्हतं.

आम्ही पोचलो तोवर पोलिसांनी दोरी बांधली होती. सरकारी माणसांची गाडी घाटकोपरला अडकली होती. त्यांनी तिला फोनवर सांगितलं की कंपनीचं किरण मोजायचं यंत्र तुझ्याकडे आहे, तर लांबून मोजत जा आणि आकडे सांगत राहा. ती दोरीखालून वाकून आत गेली. हातात ते लहान यंत्र, कानाला फोन, एकेक पाऊल टाकत. शंभर-दीडशे माणसं गच्च्यांवरून, बोळांच्या तोंडाशी उभी राहून बघत होती, कुणी आवाज करत नव्हतं. पेटीपासून दोन हातांवर ती थांबली, वाकली, बराच वेळ तशीच राहिली. मग आमच्याकडे वळून तिने हात वर केला. सगळं ठीक होतं. गोळी कवचाच्या आतच होती.

बाया रडायला लागल्या. भंगारवाल्या बाईने तिला मिठी मारली. कुणीतरी तिचा फोटो काढला. मी दोरीच्या बाहेर उभी होते. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि खरंच सुटल्यासारखं वाटलं. पण त्याच्या मागोमाग, अगदी लगेच, मनात आलं की पत्रक मी लिहिलं होतं.

यंत्र तपासायला पाठवलं गेलं. चौकशी पुढे चालू राहिली. पंधरा दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तिला आता ते काम देता येणार नाही, तुम्ही जबाबदार माणूस आहात, पुढच्या प्रशिक्षणाला तुमचं नाव पाठवतोय. या वेळी त्यांनी घरचं काही विचारलं नाही. मी हो म्हटलं. लॅबमध्ये परत आले. ती पूर्वी माझ्या असलेल्या जागेवर बसून वाळू चाळत होती. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "बरं झालं, ताई. मी तुला सगळं समजावून देईन, परीक्षा अवघड नाहीये." आणि तिने तिच्या प्रशिक्षणाच्या वह्या कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवल्या.

मी त्या वह्यांना हात लावू शकले नाही. मी दार लोटलं आणि तिला सांगितलं. कुलूप उघडं दिसलं होतं, थांबले होते, मग गेले होते.

ती चाळणी हलवायची थांबली. "दिसलं नाही म्हणून गेलीस की बघून गेलीस?"

"बघून."

"का?"

मी म्हटलं, तुला कुणीतरी ओरडावं म्हणून.

तिने रागाने बोलावं, हात उगारावा असं मला वाटत होतं. तिने वाळू डब्यात ओतली, झाकण लावलं, हात झटकले. मग म्हणाली, "हे तुम्ही साहेबांना लिहून द्या, मॅडम."

ती मला पहिल्यांदा मॅडम म्हणाली होती.

मी लिहून दिलं. तीन दिवस लागले लिहायला, पण दिलं. साहेब वाचून म्हणाले, आता याची गरज होती का? पण कागद फाइलला लागला होता, परत काढता येत नव्हता. पोलिसांकडेही जाऊन मी जबाब बदलून दिला. इन्स्पेक्टरांनी मान वर न करता लिहून घेतलं. प्रशिक्षणाच्या यादीतून माझं नाव निघालं. मला लेखी ताकीद मिळाली, तिलाही मिळाली, फेरी चुकवणाऱ्या सेफ्टीच्या साहेबांची बदली झाली. यंत्र परत आलं तेव्हा ते चालवायला बाहेरच्या एका संस्थेचा माणूस आला. आम्ही दोघी त्याच लॅबमध्ये, एकाच टेबलाच्या दोन टोकांना, वाळू मोजत राहिलो. डबे वेगळे. चार महिन्यांनी तिला अंधेरीला मेट्रोच्या कामावर नोकरी लागली आणि ती गेली. निरोपाला सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला.

मला नंतर मुलगा झाला. तो शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने मला त्याच प्रशिक्षणाला पाठवलं. शेवटच्या दिवशी यंत्र हरवलं तर काय करायचं यावर एक व्याख्यान होतं आणि ते घ्यायला ती आली. आता ती एका मोठ्या कंपनीत याच कामाची प्रमुख आहे. तिने मला पाहिलं, थोडी थबकली आणि बोलायला लागली. तिने स्वतःचीच गोष्ट सांगितली. एक कुलूप मी दाबलं नव्हतं, दुसरं लावलंच नव्हतं, म्हणाली. एकाने विचारलं की साइटवर एवढी माणसं असतात, कुणाला दिसलं नाही का. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "ते बघायचं काम माझं होतं." आणि पुढच्या मुद्द्याकडे गेली. फार छान शिकवत होती. तिच्या जागी मी असते तर मी नाव घेतलं नसतं, पण सगळ्यांना कळेल असं काहीतरी नक्की बोलले असते.

चहाच्या वेळी ती आपणहून आली. आईची चौकशी केली. आई अंथरुणाला खिळली आहे हे मी सांगितलं. ती म्हणाली, मी येऊन जाईन, तुमची हरकत नसेल तर.

रविवारी आली. आई हल्ली माझ्याशी फार बोलत नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. तिला मात्र लगेच ओळखलं, हात धरून ठेवला, लग्न झाला काय, पोरां किती, सगळं विचारलं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून दोघींचं हसणं ऐकू आलं आणि मला तोच जुना हेवा वाटला. गॅस बंद केला, तीन कप भरले, आणि बाहेर जाऊन त्यांच्याजवळ खाली बसले.